ड्रायव्हरला कोणी सांगायचं?

टचस्क्रीनच्या ड्रायव्हरला स्क्रीन दिसत नाही. त्याला एवढंच ठाऊक असतं की अमुक जातीची एक चिप एका बसवर बसली आहे आणि मधूनमधून आकडे पाठवते आहे. स्क्रीन सात इंची की दहा, आडवी की उभी, वरची काच किती जाड, चिपची रीसेट लाइन प्रोसेसरच्या कुठल्या पिनला गेली आहे, यातलं काहीच चिपला विचारून कळत नाही. यूएसबीचा माउस लावला की तो स्वतःची ओळख स्वतः सांगतो. आय-टू-सी किंवा एसपीआय बसवरच्या चिपा त्या बाबतीत मुक्या. त्यांच्या वतीने कोणीतरी बोलावं लागतं.

बदलून आलेल्या तलाठ्यासारखी ड्रायव्हरची गत असते. कायदा त्याला तोंडपाठ, पण या गावातलं कुठलं शेत कोणाचं, बांध कुठे, विहीर सामायिक की खासगी, हे त्याला सातबारा हातात आल्याशिवाय कळायचं नाही. ड्रायव्हर लिहिणारा माणूस कुठल्यातरी दूर देशात बसून त्या चिपचा कायदा लिहून ठेवतो. आमच्या बोर्डाचा सातबारा आम्हीच द्यायचा असतो. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं तो नीट लिहिण्यात आणि दुसऱ्यांनी नीट न लिहिलेला वाचण्यात गेली.

मी पुण्यातल्या एका कंपनीत एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करत आले. आमचं यंत्र गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर बसतं. सभासद किटली घेऊन येतो, सचिव त्याचा क्रमांक टाकतो, वजनकाट्यावरून लिटर येतात, तपासणी यंत्रावरून फॅट आणि एसएनएफ येतात, दर लागतो आणि पावती निघते. सकाळ-संध्याकाळ, पाऊस असो की लग्नसराई. सचिवाचा हात ओला किंवा दुधाने चिकट असतो, आणि मागे रांग उभी असते. अशा ठिकाणी स्क्रीनवरचं एक बटण दाद देईनासं झालं की फोन थेट पुण्याला येतो.

सुरुवातीची यंत्रं टीआयच्या ओमॅप३ प्रोसेसरवर होती, कर्नल २.६.३२. स्क्रीन रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबाची, आणि तिच्यामागे एडीएस७८४६ ही जुनी, विश्वासू चिप. तेव्हा बोर्डाची माहिती ‘बोर्ड फाइल’मध्ये असायची. कर्नलच्या आतच, प्रोसेसरच्या फोल्डरमध्ये, आपल्या बोर्डाच्या नावाची एक सी भाषेतली फाइल. तिच्यात एक स्ट्रक्चर भरायचं: पॅनेलच्या एक्स-प्लेटचा रोध किती ओम, एक्स आणि वाय कुठून कुठपर्यंत, दाबाची कमाल मर्यादा किती, एकच आकडा पक्का मानण्याआधी किती वेळा वाचून बघायचा. ते ‘प्लॅटफॉर्म डेटा’ म्हणून चिपच्या नोंदीला अडकवायचं. कर्नल सुरू झाला की ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन तो पॉइंटर उचलणार आणि कामाला लागणार.

सोय म्हणून ही पद्धत झकास होती. नुसते आकडेच काय, अख्खं फंक्शनसुद्धा देता यायचं. एडीएस७८४६च्या प्लॅटफॉर्म डेटात ‘गेट-पेनडाउन-स्टेट’ नावाची एक जागा होती. बोट टेकलेलं आहे का, हे तुमच्या बोर्डावर कसं ओळखायचं त्याचं फंक्शन तुम्हीच लिहून तिथे टाकायचं. साध्या बोर्डावर ते एका ओळीचं असायचं, एक पिन वाचायची आणि परत फिरायचं. पण मोकळं रान मिळालं की माणसं शेती करायला लागतात. एका जुन्या बोर्डाच्या त्या फंक्शनात मला बॅकलाइट चालू करणारा कोड सापडला होता. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की नाहीतरी बोट टेकलं की ते फंक्शन चालतंच, मग तिथेच दिवा लावला तर काय बिघडलं! चालत होतं खरं. पण बॅकलाइटची तक्रार आली की टचच्या ड्रायव्हरमागे दडलेल्या बोर्ड फाइलमध्ये जाऊन बघायचं, हे कोणाच्या डोक्यात येणार?

खरा त्रास वेगळाच होता. पॅनेल बदललं की कर्नल बदलायचा. रोध दोनशे ओमने वेगळा असला तरी सगळा कर्नल पुन्हा बांधायचा, पुन्हा तपासायचा आणि सर्व्हिसच्या मुलांच्या पेनड्राइव्हवर आणखी एक फाइल टाकायची. ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल न्यू २’ ही नावं फक्त लग्नपत्रिकेच्या डिझाइनलाच असतात असं नाही.

हे दुखणं आमच्या एकट्याचं नव्हतं. जगभरातल्या एआरएम बोर्डांच्या अशा फाइली कर्नलमध्ये साचत गेल्या, आणि २०११च्या मार्चमध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या पसाऱ्यावर जाहीर संताप काढला. उपाय नवा शोधावा लागला नाही. सनच्या मशिनांमधून आलेली आणि १९९४ साली आयईईईच्या १२७५ क्रमांकाच्या मानकात बसलेली ओपन फर्मवेअरची ‘डिव्हाइस ट्री’ पॉवरपीसीवर आधीपासून वापरात होती. ग्रँट लाइकली आणि इतर मंडळींनी ती एआरएमवर आणली. बोर्डाचं वर्णन एका वेगळ्या मजकुरात लिहायचं, ते छोट्या बायनरी फाइलमध्ये बदलायचं, आणि बूटलोडरने कर्नलसोबत तीही हातात द्यायची. कर्नल तोच, बोर्ड बदलला तर फक्त ही फाइल बदलायची.

आमचं पुढचं यंत्र आय-डॉट-एमएक्स६ प्रोसेसरवर आलं आणि आम्हीही डिव्हाइस ट्रीवर गेलो. मला तिच्यातली जी गोष्ट आवडली ती सोयीची नाही, उलट गैरसोयीची आहे: तिच्यात फंक्शन देता येत नाही. ‘बोट टेकलं का ते असं बघ’ असा हुकूम तिथे चालत नाही. ‘पेनडाउनची लाइन अमुक जीपीआयओवर आहे’ एवढं विधान करता येतं. बॅकलाइटवाल्या त्या हुशार कोडाला नव्या जगात जागाच उरली नाही. हार्डवेअरबद्दल जे खरं आहे तेवढंच सांगा, बाकीचं ड्रायव्हर बघून घेईल. कोणी एकाने डिव्हाइस ट्रीत यंत्राची सुरुवातीची भाषा मराठी की हिंदी तेही लिहायचा प्रयत्न केला होता. मी ते काढून टाकलं. सोलापूरला गेलं म्हणून बोर्डावरचं तांबं बदलत नाही.

पण मजकुरात लिहिलं म्हणजे सगळं निर्वेध पोचलं, असं नाही. याचं जवळून पाहिलेलं उदाहरण सांगते.

नव्या यंत्राचा डिव्हाइस ट्रीचा मजकूर बाहेरच्या एका कंत्राटदाराने लिहून दिला होता. चिप त्याच घराण्यातली. पॅनेलवरून खरे आकडे साधारण २०० ते ३९०० मध्ये येत, म्हणून त्याने किमान २०० आणि कमाल ३९०० असं व्यवस्थित लिहिलं होतं. यंत्रं बाहेर पडली, चालली, कोणाची तक्रार नाही. पुढे आम्ही स्क्रीनचं सॉफ्टवेअर नव्या क्यूटीवर नेलं. तोवर टचचे आकडे टीएसलिब या लायब्ररीतून यायचे आणि कारखान्यात प्रत्येक यंत्रावर पाच फुल्या दाबून कॅलिब्रेशन व्हायचं. नव्या पद्धतीत क्यूटी थेट कर्नलकडून आकडे घेणार होतं, पाच फुल्यांची कटकट संपणार होती. आणि साताऱ्याकडच्या एका केंद्रावरून सचिवांचा फोन आला.

“मॅडम, मधली बटणं ब्येस चालत्यात. पण कोपऱ्यातलं ‘संध्याकाळ’ काय दाबंना. पार कडंला दाबलं की घेतंय.”

या एका वाक्यात निदान होतं, तेव्हा लगेच कळलं नाही एवढंच. मधलं बरोबर, कडेचं चुकीचं, आणि चूक आतल्या बाजूला. म्हणजे आकडे ज्या पट्टीवर मोजायचे ती पट्टीच लांब धरली गेली होती. यंत्रावर ईव्हीटेस्ट चालवलं तर कर्नल सांगत होता: किमान ०, कमाल ४०९५. आमचे २०० आणि ३९०० कुठे गेले? ८०० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर हिशोब करून बघा. अगदी डाव्या कडेला बोट ठेवलं की २०० येणार, आणि ते ०–४०९५च्या पट्टीवर बसवलं की पडद्यावर ३९ पिक्सेल आत. उजवीकडेही तितकंच. कोपऱ्यातलं बटण हुकायला तेवढं पुरतं.

मजकुरात आकडा बरोबर, कर्नलमध्ये चुकीचा. मधल्या वाटेवर बघायचं तर चालू यंत्रावर डिव्हाइस ट्री फाइलींच्या रूपात उघडी दिसते. तिथे कमाल एक्सची फाइल हेक्समध्ये उघडली: ०० ०० ०एफ ३सी. चार बाइट. ०एफ३सी म्हणजे ३९००, आकडा शाबूत आहे. पण ड्रायव्हर वाचत होता सोळा बिटांचा आकडा, म्हणजे पहिले दोनच बाइट. डिव्हाइस ट्रीत मोठा बाइट आधी लिहायची रीत असल्याने पहिले दोन बाइट म्हणजे शून्य. आणि या ड्रायव्हरचा शिरस्ता असा की कमाल शून्य असेल तर ‘काही सांगितलेलं नाही’ असं समजून आपली नेहमीची ४०९५ धरायची. या चिपच्या नोंदींत आकड्याच्या आधी ‘बिट्स १६’ असं बजावून लिहावं लागतं. ते न लिहिल्याने आकडा बत्तीस बिटांचा झाला होता. कंपायलर गप्प, कर्नल गप्प, लॉगमध्ये अक्षर नाही.

चूक पहिल्या दिवसापासून होती आणि कारखान्यातली पाच फुल्यांची रीत ती रोज पदरात घेत होती. टीएसलिब कच्चे आकडे घेऊन स्वतःचा हिशोब करायची, कर्नलने सांगितलेल्या पट्टीकडे ती बघतच नव्हती. कॅलिब्रेशन चालतं म्हणजे माहिती बरोबर पोचते, असा समज त्यामुळे सगळ्यांचा होता. आता निदान मानक नोंदींसाठी यॅमलमध्ये स्कीमा लिहिलेले असतात आणि ‘डीटीबीएस-चेक’ चालवलं की प्रकारांच्या बऱ्याच चुका यंत्र बाहेर पडण्याआधीच दिसतात. तो चेक चालवायला दहा मिनिटं लागतात म्हणून टाळणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना कोपऱ्यातलं बटण दाबायला साताऱ्याला पाठवावं.

त्यानंतरची पिढी कपॅसिटिव्ह स्क्रीनची. गिऱ्हाइकाला मोबाइलसारखी हवी होती. माझ्या मते ओल्या हातांच्या जागी दाबाची स्क्रीनच बरी, पण विक्री विभागापुढे कोणाचं चाललंय! गूडिक्सची जीटी९११ चिप आली आणि तिच्याबरोबर बोर्डाची माहिती म्हणजे काय याची व्याख्याच रुंदावली.

या चिपचा बसवरचा पत्ता सुरू होताना ठरतो. रीसेट लाइन खाली धरायची, इंटरप्टची लाइन वर किंवा खाली ठेवायची आणि मग रीसेट सोडायचा. इंटरप्ट खाली असेल तर पत्ता हेक्समध्ये ५डी, वर असेल तर १४. म्हणजे आपण ज्या लाइनवर चिपचं ऐकतो, तिच्यावरूनच आधी चिपला तिचं घर सांगायचं. आमच्या पहिल्या बोर्डावर रीसेटची लाइन प्रोसेसरच्या हातात दिलीच नव्हती, एका कपॅसिटरवर सोडून दिली होती. परिणामी काही यंत्रं ५डीवर जागी व्हायची, काही १४वर, आणि एखादं थंडीच्या सकाळी एकीकडे तर दुपारी दुसरीकडे. अशा वेळी सॉफ्टवेअरवाल्यांना ‘दोन्ही पत्ते बघा ना’ असं सांगायची हार्डवेअरवाल्यांना फार हौस. मी नाही म्हटलं. पुढच्या बोर्डात दोन्ही लाइन प्रोसेसरला जोडून घेतल्या, डिव्हाइस ट्रीत दोन्ही नोंदवल्या, आणि तो रीसेटचा सगळा सोपस्कार ड्रायव्हर स्वतः करायला लागला. त्याला ते आधीपासून येतच होतं.

याच चिपच्या पोटात १८६ बाइटांचं एक कॉन्फिगही असतं: किती सेन्सर रेषा, स्पर्श मानायचा उंबरठा किती, रिझोल्यूशन काय, शेवटी चेकसम. लिनक्सचा ड्रायव्हर ते वेगळ्या फाइलमधून उचलून चिपमध्ये लिहू शकतो, पण रीसेट आणि इंटरप्ट दोन्ही त्याच्या ताब्यात असतील तरच. हे बाइट डिव्हाइस ट्रीत कोंबू नयेत, वेगळ्या फाइलमध्येच ठेवावेत. ते पॅनेल बनवणाऱ्याचं ट्यूनिंग आहे, आपल्याला त्यातला एक बाइट वाचून काही कळत नाही.

उंबरठ्याचा प्रश्न मात्र वादाचा. तो हार्डवेअरचा गुणधर्म की वापरणाऱ्याची आवड? माझं उत्तर दुहेरी आहे. वर तीन मिलिमीटरची टफन्ड काच लावली म्हणून संवेदनशीलता वाढवली, तर ती काच बोर्डाइतकीच कायम आहे, तो आकडा हार्डवेअरच्या वर्णनात जावा. पण कोल्हापूरकडच्या केंद्रावर पावसाळ्यात थेंब पडून आपोआप बटणं दाबली जातात म्हणून उंबरठा वर न्यायचा असेल, तर ते चालू यंत्रावर बदलता आलं पाहिजे. फोकलटेकच्या चिपांसाठीचा ईडीटीचा ड्रायव्हर दोन्ही वाटा ठेवतो: डिव्हाइस ट्रीतही उंबरठा देता येतो आणि सिसएफएसमधूनही. लिहिणाऱ्याला प्रत्यक्ष पॅनेल हाताळल्याचा अनुभव असावा, असं त्यावरून वाटतं.

दिशांचा घोळ सगळ्यांत जास्त वेळा होतो आणि सगळ्यांत लवकर सुटतो. पॅनेलचा नवा लॉट आला. पार्ट नंबर तोच, पॅकिंग तेच. सर्व्हिसच्या मुलाचा फोन: “मॅडम, एक दाबलं की तीन उमटतंय, तीन दाबलं की एक. दोन बरोबर येतंय.” कीपॅडच्या वरच्या ओळीनेच सांगितलं की एक्स अक्ष आरशात गेला आहे. पुरवठादाराने फ्लेक्स केबल उलटी बसवली होती आणि कोणाला सांगायची गरज त्याला वाटली नव्हती. नव्या लॉटसाठी ‘टचस्क्रीन-इन्व्हर्टेड-एक्स’ ही एक ओळ पुरली. मग कोणीतरी नीटनेटकेपणा म्हणून जुन्या लॉटच्या फाइलमध्येही तीच ओळ घालून तिची किंमत शून्य लिहिली, आणि जुनी यंत्रंही आरशात गेली. डिव्हाइस ट्रीत अशा नोंदी असणं म्हणजेच ‘हो’. समोर शून्य लिहा की काही, ओळ आहे म्हणजे आहे. ‘नाही’ म्हणायचं तर ओळ पुसायची. उभ्या स्क्रीनवर अक्षांची अदलाबदल करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: कर्नलचं सामाईक फंक्शन आधी उलटवतं आणि मग अदलाबदल करतं. त्यामुळे ‘इन्व्हर्टेड-एक्स’मधला एक्स हा पॅनेलचा, तुम्हाला समोर दिसणारा नव्हे.

ज्यांनी ही माहिती लिहूनच दिली नाही त्यांचं काय होतं, हे बघायचं असेल तर कर्नलमधली टचस्क्रीन-डीएमआय ही फाइल उघडावी. इंटेल प्रोसेसरचे स्वस्त विंडोज टॅब्लेट बनवणाऱ्या अनेकांनी स्क्रीनचा आकार नि दिशा फर्मवेअरच्या एसीपीआय तक्त्यांत लिहिलीच नाही, आपल्या विंडोज ड्रायव्हरच्या गाठोड्यात बांधली. मग हान्स द गूडे आणि इतर लोकांनी टॅब्लेटच्या नावानिशी एकेक नोंद हाताने लिहून ती यादी उभी केली. या मॉडेलची रुंदी इतकी, त्या मॉडेलचा वाय उलटा, तिसऱ्याची फर्मवेअर फाइल अमुक. डिव्हाइस ट्रीने बोर्ड फाइली घालवल्या म्हणावं तर ही एक नव्या नावाने राहिलीच. तिच्याशिवाय ते टॅब्लेट चालत नाहीत, म्हणून तिला नावंही ठेवता येत नाहीत.

आमच्याकडे आता नियम असा आहे की डिव्हाइस ट्रीतल्या टचच्या प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला हे टिपेत लिहायचं: पॅनेलच्या डेटाशीटचं पान, सर्किट आकृतीची आवृत्ती, की टेबलावर मोजून. ‘आधीच्या फाइलमधून उचलला’ असं उत्तर आलं की तो बदल मी पुढे जाऊ देत नाही. नव्या मुलांना हे जाचक वाटतं.

पॅनेल विकत घेणाऱ्यांना, खरेदी विभागातल्यांना विशेषतः, एक विनंती. दरपत्रकाबरोबर पुरवठादाराकडून एक पान लेखी मागा: कंट्रोलरचं पूर्ण नाव, बसवरचा पत्ता आणि तो कसा ठरतो, अक्षांचा उगम कुठल्या कोपऱ्यात, रिझोल्यूशन, रीसेटचे वेळ, कॉन्फिगची फाइल तिच्या चेकसमसह. लॉट बदलला की हे पान नव्याने द्यायचं, ही अट ऑर्डरमध्येच घाला. पुरवठादार सुरुवातीला कुरकुर करतात, पण अट ऑर्डरमध्ये असली की देतात.